गोठ्यातील कौमारभृत्य : वासरांचे आरोग्य आणि आपली जबाबदारी

बीड जिल्ह्याच्या ग्रामीण भागात वैद्यकव्यवसाय करणाऱ्या वैद्यांचा आणि औषधालय चालविणाऱ्या व्यावसायिकांचा एक अनुभव समान आहे. रुग्णाची स्वतःची तक्रार सांगून होते, पुड्या बांधून होतात आणि उठता उठता तो म्हणतो, "डॉक्टरसाहेब, वासराला हगवण लागलीय, त्यालाबी कायतरी द्या की." पशुवैद्यकीय दवाखाना दूर असतो, रात्र झालेली असते, आणि आपल्यावर त्याचा विश्वास असतो. अशा वेळी आपण काय करतो आणि काय करावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आपल्या जिल्ह्यात शेती पावसावर आणि पाऊस बेभरवशाचा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत दुधाचा पगार हाच अनेक घरांचा नियमित पैसा आहे. दसरा सरला की हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात आणि मागे राहिलेली दुभती गाय म्हातारी माणसे सांभाळतात. अशा घरी एक कालवड दगावणे म्हणजे पुढील तीन वर्षांनी दावणीला येणारी गाय गमावणे होय. म्हणून वासरांच्या आरोग्याचा प्रश्न केवळ पशुवैद्यकांचा नाही. ग्रामीण भागातील प्रत्येक वैद्याच्या दारात तो येतो.

एक अनुभव

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या नित्याच्या रुग्णांपैकी एका शेतकऱ्याने कर्ज काढून संकरित गाय घेतली होती. ती व्याली, कालवड झाली. तिसऱ्या दिवशी तो कालवडीला पातळ, पिवळसर हगवण लागल्याचे सांगत आला. बोलता बोलता म्हणाला, "चीक जड असतो, म्हणून थोडाच पाजला. वार पडेपर्यंत तर पाजलाच नाही." मी मान डोलावली. पीयूष गुरू असते हे मलाही पाठ होते. कुटज व बिल्व यांचे चूर्ण मोठ्या मात्रेत बांधून दिले आणि दूध बंद ठेवण्यास सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला. हगवण थांबली होती आणि कालवड पहाटे मेली होती. योगायोगाने त्याच दिवशी पशुधन विकास अधिकारी गावात आले होते. त्यांनी मला दोषही दिला नाही, फक्त दोन प्रश्न विचारले : "चीक किती तासांनी पाजला होता? हगवण लागल्यावर पाणी किती दिले?" या दोन्ही प्रश्नांचे उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण मी ते विचारलेच नव्हते. पुढे दिलेली माहिती त्या दिवसानंतर पशुवैद्यक मित्रांकडून शिकलेली आणि गोठ्यांत उभे राहून पाहिलेली आहे.

शास्त्राचा आधार आणि त्याची मर्यादा

पशुचिकित्सा ही आपल्या परंपरेला परकी नाही. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद व शालिहोत्राचे अश्वशास्त्र प्रसिद्ध आहे. अग्निपुराणात गवायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाय, घोडा इत्यादी प्राण्यांसाठी बस्तीची द्रव्येही सांगितली आहेत. तथापि नवजात वासराच्या बाबतीत आपण एक चूक सहज करतो. मनुष्याच्या आहारविचारात सांगितलेले गुण आपण जसेच्या तसे गोठ्यात नेतो.

चरकाच्या अन्नपानविधी अध्यायात पीयूषाचे वर्णन गुरू, तर्पण, बृंहण व वातघ्न असे आहे आणि ते दीप्ताग्नी माणसास हितकर म्हटले आहे. हे वर्णन पीयूष खाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने आहे, ते ज्याच्यासाठी निर्माण झाले त्या वासराच्या दृष्टीने नाही. गाय व म्हैस यांच्या वारेची रचना अशी असते की मातेच्या रक्तातील रोगप्रतिकारक प्रथिने गर्भाकडे जवळजवळ पोहोचतच नाहीत. मानवी अर्भक मातेकडून हे संरक्षण गर्भाशयातच घेऊन येते. वासरू मात्र रिकाम्या हाताने जन्मते. त्याला ते संरक्षण फक्त चिकातून मिळते. चिकातील ही प्रथिने आतड्यातून अखंड स्वरूपात शोषली जाण्याची क्षमता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते, सहा तासांनंतर ती वेगाने घटते आणि सुमारे चोवीस तासांत संपते. नंतर कितीही चीक पाजला तरी ते संरक्षण रक्तात पोहोचत नाही. जे द्रव्य माणसास जड, तेच वासरास प्राण, हा भेद माझ्या ध्यानात आला नव्हता.

वासराचे आरोग्य गर्भिणी गाईपासून

गर्भिणी परिचर्येचे महत्त्व आपण जाणतोच. गर्भाच्या वजनाची सुमारे दोन तृतीयांश वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. म्हणून विण्यापूर्वी दोन महिने गाय आटवणे आवश्यक आहे. शेवटपर्यंत धार काढलेल्या गाईचा चीक कमी व पातळ होतो.

आपल्या भागातील विशेष अडचण वैरणीची आहे. दुष्काळात हिरवा चारा नसतो आणि गाय निव्वळ कडब्यावर किंवा उसाच्या वाढ्यावर राहते. २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या, तेथेही बव्हंशी ऊस व वाढेच मिळत. वाढ्यात ऑक्झॅलेटचे प्रमाण अधिक असल्याने कॅल्शियम बांधले जाते. हिरव्या चाऱ्याअभावी जीवनसत्त्व 'अ' कमी पडते; अशा गाईची वासरे अशक्त, क्वचित अंध जन्मतात आणि रोगास लवकर बळी पडतात. गाभण गाईला रोज खनिज मिश्रण आणि शक्य तेव्हा शेवगा, हादगा, सुबाभूळ यांचा थोडा पाला द्यावा. गाभण गाईसाठी औषध मागावयास आलेल्या शेतकऱ्याला प्रथम वैरणीविषयी विचारावे.

पहिले सहा तास

१. वासरू जन्मताच नाकातोंडातील चिकट स्राव पुसून काढावा. गाईला ते चाटू द्यावे. हिवाळ्यात, विशेषतः कारखान्याच्या तळावर उघड्यावर गाय व्याली असल्यास, वासरू कोरड्या गोणपाटाने पुसून कोरड्या जागी ठेवावे. ओले व गारठलेले वासरू चोखत नाही.

२. नाळ आपोआप न तुटल्यास पोटापासून दोन ते तीन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून निर्जंतुक कात्रीने कापावी व टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. नाळ वाळेपर्यंत दोन-तीन दिवस हा उपचार करावा. राख, शेण किंवा माती लावू नये. नाळेतून शिरलेला जंतुसंसर्ग पुढे सांध्यांत उतरतो. सांधे सुजतात आणि वासरू कायमचे अधू होते.

३. वार पडण्याची वाट न पाहता, शक्यतो पहिल्या तासात आणि उशिरात उशिरा दोन तासांत चीक पाजावा. या पहिल्या पाजण्यात वजनाच्या पाच टक्के आणि बारा तासांच्या आत पुन्हा तितकाच, असे साधे प्रमाण लक्षात ठेवावे. संकरित गाईचे वासरू पंचवीस किलोचे असल्यास प्रत्येक वेळी सव्वा लिटर होतो. वासराने चोखल्यामुळे उलट वार पडण्यास मदतच होते.

४. गोऱ्हा असला तरी चीक तोडू नये. खरवस वासराचा वाटा देऊन उरलेल्या चिकाचा करावा.

५. ज्या गाईला चीक नाही किंवा जी विताना दगावली, तिच्या वासराला त्याच गोठ्यातील दुसऱ्या निरोगी, ताज्या व्यालेल्या गाईचा चीक द्यावा. गावातील एखाद्या गोठ्यात उरलेला चीक बर्फाच्या कप्प्यात साठवून ठेवणे ही उत्तम सोय आहे. वापरताना तो कोमट पाण्यात भांडे ठेवून वितळवावा. उकळू नये, कारण उकळल्याने ही प्रथिने नष्ट होतात.

क्षीरप, क्षीरान्नाद, अन्नाद

सुश्रुताने बालकाच्या केलेल्या या तीन अवस्था वासराला नेमक्या लागू पडतात. फरक इतकाच की बालकाच्या वर्षांच्या जागी येथे आठवडे धरावे लागतात.

क्षीरप अवस्थेत वासराच्या चार कप्प्यांपैकी फक्त शेवटचा, म्हणजे खरे जठर, काम करीत असते. वासरू चोखू लागले की अन्ननलिकेच्या पुढे एक खोबण मिटते आणि दूध पहिले कप्पे टाळून थेट जठरात उतरते. बांबूच्या नळीने किंवा बाटलीने काढा ढोसला तर ही क्रिया नीट होत नाही. द्रव अपक्व कोठीपोटात साचून कुजतो. मान उंच करून व जीभ धरून पाजल्यास तो फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. तेल, तूप किंवा दाट काढा अशा रीतीने पाजल्याने वासरे दगावतात आणि दोष मूळ रोगावर जातो. आपल्या हातून गेलेले औषध कसे पाजले जाईल हे सांगणे, हाही औषधयोजनेचा भाग आहे.

दूध पहिल्या महिन्यात रोज वजनाच्या एक दशांश, दुसऱ्या महिन्यात एक पंधरांश व तिसऱ्या महिन्यात एक विसांश, दोन वेळांत विभागून, शरीराच्या उष्णतेइतके कोमट द्यावे. भांडी प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुवावीत.

दुसऱ्या आठवड्यापासून क्षीरान्नाद अवस्था सुरू होते. स्वच्छ पाणी सतत समोर असावे. वासरांचा खुराक, ज्याला बाजारात काफ स्टार्टर म्हणतात, मूठभर देण्यास आरंभ करावा. कोठीपोटाची वाढ निव्वळ दुधाने होत नाही आणि निव्वळ कडब्यानेही होत नाही. खुराकाच्या पचनातून निर्माण होणाऱ्या आम्लांमुळे ती होते. वासरू रोज पाऊण ते एक किलो खुराक खाऊ लागले म्हणजे ते अन्नाद झाले. तेव्हाच दूध तोडावे. दूध विक्रीसाठी वाचविण्याच्या हेतूने त्यापूर्वी तोडले तर पोट सुटलेले, केस राठ झालेले, खुरटे वासरू तयार होते.

अतिसार : स्तंभनाआधी जल

पहिल्या महिन्यातील मृत्यूंचे प्रमुख कारण हगवण आहे. पहिल्या चार-पाच दिवसांत ई. कोलाय जिवाणू, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोटाव्हायरस व क्रिप्टोस्पोरिडियम आणि तीन आठवड्यांनंतर रक्तमिश्रित हगवण असल्यास कॉक्सिडिया ही कारणे प्रामुख्याने आढळतात. कारण कोणतेही असो, वासरू मरते ते शरीरातील पाणी व क्षार गेल्यामुळे आणि रक्तातील आम्लता वाढल्यामुळे.

आमातिसारात आरंभीच स्तंभन करू नये हा आपल्याच शास्त्राचा दंडक आहे. मी तो दोन्ही बाजूंनी मोडला होता. स्तंभन केले आणि क्षीरप जीवाला लंघनही घडविले. बाहेर येणारा मल थांबला तरी आतड्यात स्रवलेले पाणी शरीरास परत मिळत नाही.

प्राथमिक उपचार साधा आहे. ओ.आर.एस.चे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणात उकळून कोमट केलेल्या पाण्यात मिसळून एक ते दोन लिटर, दिवसातून दोन-तीन वेळा, चोखण्याच्या बाटलीने पाजावे. ते दुधात मिसळू नये. दूध व हे पाणी यांत सुमारे दोन तासांचे अंतर ठेवावे. दूध पूर्ण बंद करू नये, थोडे थोडे अधिक वेळा द्यावे. वासरू इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी बांधावे.

डोळे खोल गेले, मानेची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर दोन सेकंदांत पूर्ववत झाली नाही, तोंड थंड लागले किंवा बोट तोंडात घातले असता वासरू चोखेनासे झाले, तर पाजून काही उपयोग नाही. शिरेतून द्रव देण्याची ती वेळ आहे. विलंब न करता पशुवैद्यकास बोलवावे. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक औषधालयात दर्शनी भागी असावा.

कृमी व गोचीड

वासरांत, विशेषतः म्हशीच्या रेडकांत, मोठ्या गोल जंतांचा उपद्रव फार आढळतो. मराठवाडी म्हैस पाळणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. या जंतांची पिले मातेच्या शरीरात सुप्त राहून दुधावाटे वासराच्या पोटात येतात. म्हणजे गोठा स्वच्छ असूनही बाधा होते. मातकट रंगाची दुर्गंधीयुक्त हगवण, पोट सुटणे, माती चाटणे ही लक्षणे होत. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दहाव्या ते पंधराव्या दिवशी जंतनाशकाची पहिली मात्रा व त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत ठरावीक अंतराने पुढील मात्रा द्याव्यात. विडंग, पलाशबीज ही आपली कृमिघ्न द्रव्ये परिचित असली तरी दोन आठवड्यांच्या वासरासाठी त्यांची मात्रा अंदाजाने ठरवू नये.

संकरित वासरांत गोचीड-तापाने (थायलेरिया) अचानक मृत्यू येतो. उच्च ताप, खांद्यापुढील व मांडीपुढील गाठी सुजणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसताच उपचार व्हावयास हवेत. गोचीड गुराच्या अंगावर थोडा काळ आणि भिंतीच्या फटींत, गव्हाणीखाली अधिक काळ असते. म्हणून फटी बुजविणे, चुना मारणे व शेण-कचरा दूर टाकणे ही खरी चिकित्सा होय. बंद गोठ्यात धूपन करताना वासरे बाहेर काढावीत. धुराने त्यांच्या फुप्फुसांस इजा होते.

लसीकरण

लाळ्या-खुरकूत : चार महिने वयापासून, एका महिन्याने वर्धक मात्रा, पुढे दर सहा महिन्यांनी. घटसर्प व फऱ्या : सहा महिने वयापासून, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी. सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेला) : फक्त कालवडी व वगारींना, चार ते आठ महिने वयात, आयुष्यात एकदाच. लम्पी चर्मरोग : २०२२ मध्ये राज्यभर पसरलेल्या साथीत लहान वासरांत तीव्रता अधिक आढळली होती, पशुसंवर्धन विभागाच्या सूचनेनुसार लस द्यावी. लाळ्या-खुरकूत व ब्रुसेला यांसाठी सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी कानात बारा अंकी बिल्ला मारला जातो. बिल्ला मारू न देणाऱ्या शेतकऱ्याची समजूत काढणे आपल्याला शक्य आहे.

ब्रुसेलाचा संबंध थेट आपल्या रुग्णांशीही येतो. गर्भपात झालेल्या गाईची वार उघड्या हाताने काढणाऱ्या किंवा कच्चे दूध पिणाऱ्या माणसाला हा रोग होतो. चढउतार होणारा जुनाट ताप, घाम, कंबर व सांधेदुखी घेऊन आलेल्या पशुपालकाला आमवात किंवा विषमज्वर ठरविण्यापूर्वी, गोठ्यात गाय गाभडली होती काय, हे विचारावे आणि रक्ततपासणीस पाठवावे.

आपली कक्षा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांस आहे. बी.ए.एम.एस. पदवीने तो प्राप्त होत नाही. आपले काम सल्ला, प्रतिबंध आणि योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविणे एवढे आहे, आणि ते लहान नाही.

औषध विक्रेत्यांनी तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. एक, पशूंसाठी असलेल्या आयुर्वेदीय औषधांनाही औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू आहे. परवाना क्रमांक नसलेली 'गावठी' बाटली ठेवू नये. दोन, माणसांची प्रतिजैविके किंवा वेदनाशामके वासरांसाठी देऊ नयेत. गिधाडांच्या संहारास कारण ठरलेल्या डायक्लोफेनॅकवर पशूंच्या वापरासाठी २००६ मध्ये, तर अॅसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली आहे. तीन, टिंक्चर आयोडीन, ओ.आर.एस. व चोखण्याची बाटली या तीन स्वस्त वस्तू सदैव उपलब्ध ठेवाव्यात.

समारोप

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे सार आहे, असे आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो. वासरांच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी स्थूल आहे : वेळेवर चीक, आयोडीन लावलेली नाळ, कोरडी जागा, स्वच्छ भांडे, वेळेवर लस. यांतील एकही गोष्ट महाग नाही.

त्या घटनेनंतर माझ्या औषधालयाच्या गल्ल्याशेजारी एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर चार प्रश्न लिहिले आहेत : चीक कधी व किती पाजला? नाळेला काय लावले? वासरू चोखते का? पाणी किती दिले? औषध मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे चार प्रश्न विचारतो. बहुतेक वेळा उत्तरे ऐकून झाल्यावर पुडी बांधण्याची गरजच उरत नाही, ओ.आर.एस. आणि दूरध्वनी क्रमांक देऊन शेतकऱ्याला परत धाडावे लागते. माझी विक्री त्याने थोडी कमी झाली असेल. ज्याची कालवड गेली, तो शेतकरी आजही माझा रुग्ण आहे. पुढच्या वेळी त्याची गाय व्याली तेव्हा, वार पडण्यापूर्वी चीक पाजू का, असे विचारण्यासाठी तो रात्री दोन वाजता माझ्या दारी आला होता. "आत्ताच पाजा," एवढेच मी म्हणालो.